सात सीटरमागं कॅम्पर ट्रेलर: इंजिन ओढंल, पण वजन बसतंय का?

शहापूर_सात_सीटर
नमस्कार मंडळी. गाडी डिझेल, सात सीटर, चॅसीवाली. मागं छोटा कॅम्पर ट्रेलर लावून बेळगाव, आंबोली, सावंतवाडी, मालवण असा बेत आहे. माणसं सहा: चार मोठी, दोन लहान. ट्रेलर उद्यमबागेतल्या एका शेडमध्ये बनतोय. एकच ॲक्सल, रिकामा ६४० किलो, भरून कमाल ९००.

गाडीचे आकडे: आरसीवर रिकामं वजन १८६०. दाराच्या खांबावरच्या पट्टीवर भरलेलं कमाल २५१०, पुढचा ॲक्सल ११८०, मागचा १४५०. मॅन्युअलमध्ये ट्रेलरचं पान आहे: ब्रेकसह ११००, बॉलवरचा (ट्रेलर अडकवायच्या गोळ्यावरचा) भार जास्तीत जास्त ९०, गाडी-ट्रेलर मिळून ३४००.

परवानगी ११०० ची आणि ट्रेलर ९०० चा, म्हणजे २०० किलो हातात आहेत असं माझं गणित. शेडवाले म्हणतात ट्रेलरला ब्रेक नकोत, उगाच खर्च. बरोबर ना?

फुकट_सल्ला
उसाचा ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढतोय आणि तुम्ही एका डबड्यासाठी धागा काढूलालाय. लावा आणि जावा.

उद्यमबाग_फिटर
फुकटराव, ट्रॅक्टर वीसच्या वेगानं जातोय. आणि चार चाकांची ट्रॉली स्वतःचं वजन स्वतः उचलते, हुकावर फक्त ओढ येते. दोन चाकांची ट्रॉली पुढं जड भरली की चढाला ट्रॅक्टरचं तोंड उचलतं, हे आपल्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सात सीटरचं तोंड तसं दिसण्याएवढं उचलत नाही. पुढची चाकं नुसती हलकी होतात, आणि स्टिअरिंग हलकं लागलं म्हणून माणूस उलट खूश होतो.

शहापूरकर, ११०० ही तुमच्या हातातली शिल्लक नव्हे. सहा माणसं आणि सामान चढल्यावर गाडीचं स्वतःचं २५१० आणि मागच्या ॲक्सलचं १४५० शिल्लक राहतं का, ते आधी बघा. आणि त्याच पानावर बिनब्रेक ट्रेलरचा वेगळा आकडा असतो. तो वाचून सांगा.

शहापूर_सात_सीटर
आहे. खालच्याच ओळीत. बिनब्रेक ७००.

उद्यमबाग_फिटर
मग ब्रेकचा प्रश्न तिथंच मिटला. शेडवाल्यांना ते पान दाखवा.

निपाणीचा_काटा
आधी कागदावर मांडू या. २५१० वजा १८६० म्हणजे ६५० किलो. आरसीवरच्या रिकाम्या वजनात कायद्याच्या व्याख्येनुसार ड्रायव्हर धरत नाहीत, म्हणून तुम्ही स्वतःसुद्धा या ६५० मध्येच.

सहा माणसं (मोठी ७५, ६८, ६२, ५८; पोरं ३८ आणि २९ धरली): ३३०
टोबार (गाडीमागची ट्रेलर ओढायची दांडी) बॉलसकट: २८
वरचं कॅरिअर: २२
कॅरिअरवरच्या बॅगा: ६०
डिकीतलं सामान: ९०
ट्रेलरचा बॉलवरचा भार: ८५

बेरीज ६१५. राहिले ३५. आता ५५ लिटर डिझेल म्हणजे ४६ किलो. आरसीतला आकडा टाकी भरून घेतला की रिकामी ठेवून, हे आरसी सांगत नाही. टाकी रिकामी धरली असेल तर गाडी घरासमोरच ११ किलोनं जास्त झाली. ट्रेलर अजून नियमात आहे, गाडी नाही.

लोक चुकतात ते इथंच. बॉलवरचा भार हा ट्रेलरचाच आहे असं धरतात. जोडल्यावर तो गाडीच्या बोकांडी बसतो, डिकीत ठेवलेल्या पोत्यासारखा.

उद्यमबाग_फिटर
पोत्यापेक्षाही वाईट काटेकाका. पोतं मागच्या ॲक्सलजवळ असतं, बॉल त्याच्या पार मागं. चाकांमधलं अंतर २.७५ मीटर आणि बॉल मागच्या ॲक्सलच्या १.१ मीटर मागं असेल, तर ८० किलोचा भार मागच्या ॲक्सलवर ८० × ३.८५ ÷ २.७५ म्हणजे ११२ होऊन बसतो. वरचे ३२ पुढच्या ॲक्सलवरून उचललेले. मोजायला टेप पुरते.

संकेश्वरी_मिरची
मग बॉलवर भार कमीच ठेवायचा की. सगळं जड सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला टाका. गाडी हलकी, काम झालं.

कडोली_पाटील
मिरची, कधी बैलगाडीत बसलाय काय? माल मागं गेला की गाडी उलाळ होते, जू वर जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढं गेला की धुरजड, बैलांच्या मानेवर. गाडीवान भरतानाच जू हातानं उचलून बघतो, थोडी धुरजड पाहिजे म्हणून. ट्रेलरचं शास्त्र तेच हाय. बैल तेवढे बदललेत.

रानजाई
पाटीलकाकांना अनुमोदन. या धाग्यावर त्या भाराला ‘धुरेचं वजन’च म्हणू या.

उलाळ ट्रेलरची शिक्षा हायवेवर मिळते. ट्रेलर शेपटीसारखा डुलायला लागतो. भरलेला ट्रक बाजूनं ओव्हरटेक करतो, हवेचा धक्का बसतो, ट्रेलर डावीकडे, उजवीकडे, आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा. ५० ला न जाणवणारा दोष ८० ला गाडी फिरवून टाकतो, कारण वेग वाढला की डुलणं आपोआप विरत नाही. एका ॲक्सलच्या ट्रेलरमध्ये ॲक्सलपासून बॉल ३.२ मीटरवर असेल आणि ॲक्सलच्या १.५ मीटर मागं ४० किलो ठेवले, तर धुरेचे १९ किलो कमी झाले समजा. मागच्या भिंतीला दोन सायकली आणि स्टेपनी टांगणं ही ठरलेली चूक आहे.

जड सामान ॲक्सलच्या वर किंवा जरासं पुढं, आणि खाली जमिनीलगत. दोन्ही टोकांना समान वजन ठेवून धुरा बरोबर आणला तरी तो ट्रेलर वाईटच. दोन टोकांना वजन बांधलेली काठी एकदा फिरायला लागली की थांबवून बघा.

परदेशी_बेळगावकर
धुरेच्या टक्क्यांवरून नेहमी वाद होतो, म्हणून सांगतो. अमेरिकेत ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के सांगतात. ब्रिटनमध्ये कॅराव्हॅनला साधारण ५ ते ७. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. अमेरिकेत ओढणाऱ्या गाड्या लांब आणि जड, वेग जास्त, आणि मागं आलेला भार पुढच्या चाकांवर वाटून देणारा स्प्रिंग-बारवाला हिच (जोडणीचा हुक) सर्रास वापरतात. युरोपातल्या गाड्यांना बॉलवर बहुधा ७५ ते १०० किलोच चालतात, आणि ट्रेलर लावला की वेगाची मर्यादा खाली येते. ब्रिटनमध्ये मोटरवेवर ६० मैल, जर्मनीत मुळात ८० किलोमीटर.

तिकडचा अजून एक नियम उपयोगी: बिनब्रेक ट्रेलर ७५० किलोपर्यंत किंवा गाडीच्या रिकाम्या वजनाच्या निम्मा, यातलं कमी ते. नवख्यांनी भरलेला ट्रेलर गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावा असा सल्लाही देतात. शहापूरकरांचे ९०० भागिले १८६० म्हणजे ४८ टक्के. या बाजूनं ते आरामात आहेत.

संकेश्वरी_मिरची
म्हणजे ९०० ला १५ टक्के म्हणजे १३५ आणि मॅन्युअल म्हणतंय ९०. मग कुणाचं ऐकायचं?

उद्यमबाग_फिटर
मॅन्युअलचं. ९० हे छत. ९०० च्या ट्रेलरला ७० ते ९० मध्ये ठेवा, म्हणजे ८ ते १० टक्के. त्यात डुलत असेल तर सामान ॲक्सलकडे सरकवा आणि वेग उतरवा. धुरा १३५ करून इलाज करायला गेलात तर मागचा ॲक्सल जाईल.

टिळकवाडी_ट्रेकर
मोनोकॉक गाडीला टोबार बसतो का? माझी सात सीटरच आहे, पण चॅसी नाही.

उद्यमबाग_फिटर
कंपनीनं त्या मॉडेलला ट्रेलरचा आकडा आणि बोल्ट मारायच्या जागा दिल्या असतील तरच. काही मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की ही गाडी ट्रेलरसाठी नाही. तिथं पुढं बोलायचं काही नाही.

चॅसीवाल्यांसाठी: हुक बंपरला किंवा बंपरच्या पाईप-गार्डला वेल्ड करून मिळतो, तो घेऊ नका. टोबार चॅसीच्या दोन्ही लांब मेंबरना बोल्टनं जातो. चॅसीवर वेल्डिंग नाही, वेल्डच्या कडेलाच चीर सुरू होते. बोल्ट ८.८ ग्रेडचे, डोक्यावर आकडा कोरलेला असतो. एम १२ असेल तर साधारण ८० ते ८५ न्यूटन-मीटर टॉर्क, शंभरेक किलोमीटरनंतर परत रेंच लावायचा.

चांगल्या टोबारवर प्लेट असते, तिच्यावर डी आणि एस. एस म्हणजे बॉलवरचा भार किलोत. डी म्हणजे ओढण्याची ताकद किलोन्यूटनमध्ये: ९.८१ × गाडी × ट्रेलर ÷ (गाडी + ट्रेलर), वजनं टनात. तुमचं ९.८१ × २.५१ × ०.९ ÷ ३.४१, म्हणजे साडेसहा. प्लेटवर त्याहून जास्त पाहिजे. प्लेटच नसेल तर विकणाऱ्यालाही ताकद माहीत नाही असं धरा.

आणि बॉल आणि त्याच्यावर बसणारा ट्रेलरचा कपलर एकाच मापाचे घ्या. ५० मिलिमीटर आणि २ इंच, म्हणजे ५०.८, डोळ्याला सारखेच दिसतात. २ इंची कपलर ५० च्या बॉलवर बसतो, कुलूपही लागतं, आणि खड्ड्यात आपटून उचकटू शकतो. उलटं केलं तर घट्ट अडकून झिजतो. दोन्हींवर माप कोरलेलं असतं, पुसून वाचा.

फुकट_सल्ला
शिनोळीला गाडी महाराष्ट्रात गेली आणि ट्रेलर कर्नाटकातच राहिला तर मधला बॉल कुणाचा? 😄

कडोली_पाटील
तो सुप्रीम कोर्टात हाय मर्दा. २००४ पासून.

कायदा_कोपरा
😄 विषय कायद्यावर आलाच आहे तर. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये ‘मोटार वाहन’ या व्याख्येतच ट्रेलर येतो. म्हणून त्याची वेगळी नोंदणी, वेगळा नंबर आणि विमा. मागं गाडीचाच नंबर रंगवून चालत नाही. शेडमध्ये बनलेला ट्रेलर नोंदवताना बनवणाऱ्याच्या मंजुरीची कागदं लागतात. शहापूरकर, शेवटचा हप्ता द्यायच्या आधी ती मागा. ट्रेलर तयार आणि नंबर मिळेना, अशी अडकाअडकी इथंच होते.

जादा वजनाला कलम १९४: २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. कलम ११३ मध्ये गाडी आणि ट्रेलर दोन्ही येतात.

लायसन्सचं: गाडीचं वैध लायसन्स असलेला माणूस केवळ ट्रेलर जोडला म्हणून अपात्र ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००१ च्या नागशेट्टी निकालात म्हटलं. प्रकरण ट्रॅक्टरचं होतं. विमा कंपनीला मात्र ‘या गाडीमागे हा ट्रेलर’ असं लेखी कळवून पॉलिसीवर नोंद करून घ्या. तोंडी होकार दाव्याच्या दिवशी कुणालाच आठवत नाही.

टिळकवाडी_ट्रेकर
आज्जींना ट्रेलरमध्ये पलंगावर झोपवून आणलं तर गाडीतले ६० किलो वाचतील ना?

रानजाई
नाही, नाही आणि नाही. चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसत नाही, कुत्रंसुद्धा नाही. बेल्ट नाही, गाडीशी बोलता येत नाही, आणि उलटलाच तर तो डबा पत्र्याचा आणि प्लायचा आहे.

वायरमन_वडगाव
दिव्यांचं कुणी बोलंना. सात पिनांचा सॉकेट असतो, क्रम ठरलेला आहे: १ पिवळी डावा इंडिकेटर, २ निळी मागचा फॉग, ३ पांढरी अर्थ, ४ हिरवी उजवा इंडिकेटर, ५ तपकिरी उजवा टेल, ६ लाल ब्रेक लाईट, ७ काळी डावा टेल. रंगावर भरवसा ठेवू नका, टेस्ट लॅम्प लावून पिनेवर बघा. शेडमध्ये हाताला आली ती वायर ओढतात.

अर्थची वायर वेगळी आणि जाड. बॉलमधून अर्थ मिळतो म्हणून सोडून दिली की ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणतो, आणि रात्रीच्या पावसात सगळं एकदम जातं. नव्या गाड्यांत टेल लाईटच्या वायरला सरळ टॅप मारू नका. दिवे कॉम्प्युटर चालवतो, जादा बल्ब दिसला की एरर, नाहीतर मॉड्यूलच जळतं. ट्रेलरसाठी वेगळं मॉड्यूल येतं, त्याला बॅटरीवरून १५ अँपिअरच्या फ्यूजमधून सप्लाय. सॉकेटच्या पिनांना पेट्रोलियम जेली, नाहीतर आंबोलीच्या एका पावसाळ्यात हिरव्या पडतात.

निपाणीचा_काटा
आणि मागं लाल रिफ्लेक्टर पट्ट्या भरपूर लावा. कारखाने सुरू झाले की तवंदी घाटापासून संकेश्वरपर्यंत रात्री बिनदिव्यांच्या डबल ट्रॉल्या असतात. त्यांना आपण दिसलो पाहिजे आणि आपल्याला त्या. ओव्हरटेक करताना तुमची लांबी दुप्पट आहे आणि उठाव निम्मा, एवढं ध्यानात ठेवा.

आता काट्यावर काय करायचं. हंगामात कारखान्याच्या काट्यावर रांग असते, बाहेरचा खाजगी धर्मकाटा बरा. सगळी माणसं, सामान, फुल्ल टाकी, ट्रेलर जोडलेला, असं जा.

पहिलं वजन: फक्त पुढची चाकं प्लॅटफॉर्मवर.
दुसरं: गाडीची चारही चाकं वर, ट्रेलर बाहेर, पण जोडलेला.
तिसरं: सगळं वर.

पहिलं पुढचा ॲक्सल. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की मागचा. तिसऱ्यातून दुसरं वजा केलं की ट्रेलरचा ॲक्सल. बाहेरची जागा प्लॅटफॉर्मच्या लेव्हलला पाहिजे, उतार असला की वजन सरकतं. ब्रेक दाबून धरू नका, न्यूट्रलला सोडा.

धुरा मात्र इथं मोजू नका. मोठा काटा १० किंवा २० किलोच्या टप्प्यानं बोलतो, ८० किलोत त्याला काय कळणार? किराणा अडतीतला छोटा प्लॅटफॉर्म काटा घ्या. चाकांना उटी लावा, कपलरखाली लाकडी ठोकळा उभा करून काट्यावर टेकवा. ट्रेलर लेव्हलला आणि कपलर बॉलच्याच उंचीवर असला पाहिजे. तोंड वर करून मोजलं तर आकडा कमी येतो.

संकेश्वरी_मिरची
घाटाचं सांगा कुणीतरी. दुसऱ्या गियरमध्ये उतरलं की सगळे ब्रेक गार राहतात ना?

चंदगडी_रानगवा
गाडीचे राहतात. ट्रेलरचे नाही, आणि हे पुष्कळांना माहीत नसतं. छोट्या ट्रेलरना ओव्हररन ब्रेक असतात. ट्रेलर गाडीला मागून ढकलतो, पुढचा दांडा आत सरकतो, रॉडनं ड्रममधले शू उघडतात. ट्रेलरच्या वजनाच्या साधारण २ ते ४ टक्के ढकल झाली की ते काम सुरू करतात. ९०० किलो आणि ८ टक्के उतार, म्हणजे ७० किलोच्या वर सतत ढकल. गाडी इंजिनवर थोपवा नाहीतर ब्रेकवर, ट्रेलरचे शू उतारभर घासतच राहतात.

म्हणून लहान गियर आहेच, पण वेगही कमी, आणि मध्ये थांबा. थांबल्यावर हब आणि ड्रमजवळ हात न्या, टेकवू नका. दोन्ही बाजूंची धग सारखी पाहिजे. एकच बाजू तापली असेल तर तिथला शू अडकलाय किंवा बेअरिंग चाललंय. इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर कंट्रोलरचा जोर रिकाम्या रस्त्यावर ३०-४० च्या वेगात लावून घ्या: चाक लॉक व्हायच्या जरा अलीकडे.

चढाला एसी बंद, इंजिनाच्या तापमानाच्या काट्यावर लक्ष. आणि अर्ध्या चढात क्लचवर गाडी धरून ठेवू नका. हँडब्रेकवर धरा, नाहीतर आंबोलीच्या धबधब्याच्या आधी क्लचचा वास येईल.

टिळकवाडी_ट्रेकर
रस्ता तिलारीवरून घेतला तर जवळ पडतो.

चंदगडी_रानगवा
ट्रेलर घेऊन तिलारी घाटात शिरू नका. चढ खडा, वळणं आवळलेली. वळणात ट्रेलर गाडीच्या चाकोरीत येत नाही, आत कापतो. गाडी निघून जाते आणि ट्रेलरचं आतलं चाक गटारात. आंबोली रुंद आहे, फक्त पावसाळ्यात धुकं. चोर्ला गोव्याला जायचं असेल तरच, आणि खड्डे बघून. अनमोडला जाण्याआधी रस्त्याची स्थिती विचारा.

रिव्हर्सचं एक सोपं: स्टिअरिंग खालून धरा. हात डावीकडे नेला की ट्रेलर डावीकडे जातो. कैचीसारखा दुमडायला लागला की तिथंच थांबून पुढं घ्या, आणखी वळवून सुटत नाही.

कडोली_पाटील
आणि डुलायला लागला तर? ब्रेक मारायचा का?

रानजाई
गाडीचा ब्रेक नाही. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, त्याच्या हेलकाव्याला उलट उत्तर देऊ नका. वेग उतरला की तो आपोआप थंड होतो. इलेक्ट्रिक ब्रेक असेल तर फक्त ट्रेलरचा, हातानं. ‘वेग वाढवून ताणून धरा’ असा सल्ला चहाच्या टपरीवर मिळतो, तो तिथंच सोडा. मग बाजूला घेऊन सामान बघा, बहुतेक वेळा काहीतरी मागं सरकलेलं असतं. फोर लेनवर मुळात ७० च्या वर जाऊ नका.

वायरमन_वडगाव
टायर राहिले. ९०० किलो, दोन टायर, प्रत्येकी ४५०. लोड इंडेक्स ८४ म्हणजे ५०० किलो, पास होतो पण काठावर. ८८ घ्या, ५६०. हवा थंड टायरमध्ये भरा. आणि साईडवॉलवरचा चार आकडी कोड वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ट्रेलर वर्षातले अकरा महिने उन्हात उभा असतो. नक्षी नवी दिसते आणि बाजूला बारीक चिरा पडलेल्या.

शहापूर_सात_सीटर
मंडळी, ब्रेक बसवले, ओव्हररन. कागदं पण मागितली. काल सगळं भरून काट्यावर नेलं, ट्रेलरमध्ये ८० लिटर पाण्याची टाकी भरलेली.

पुढचा ॲक्सल १०९०
गाडी एकूण २५६०
म्हणून मागचा १४७०
गाडी-ट्रेलर सगळं ३३६०
ट्रेलरचा ॲक्सल ८००
धुरा छोट्या काट्यावर ९०

सगळं मिळून ३४०० च्या आत आहे. ट्रेलर ८९०, तोही आत. धुरा बरोबर ९०. पण गाडी ५० नं जास्त आणि मागचा ॲक्सल २० नं. डिकीतून काढायला काही उरलं नाही. टाकी ॲक्सलच्या पुढं ०.८ मीटरवर आहे.

निपाणीचा_काटा
टाकी रिकामी करून निघा. पाणी सावंतवाडीतही मिळतं. अर्धी ठेवू नका, अर्ध्या टाकीतलं पाणी घाटात पुढंमागं आदळतं. ८० × ०.८ ÷ ३.२, म्हणजे धुरेचे २० गेले. धुरा ७०, ट्रेलर ८१०.

आता ट्रेलरमध्ये ९० किलोची जागा झाली. कॅरिअरवरच्या ६० किलोच्या बॅगा ॲक्सलच्या बरोबर वर, जमिनीवर, पट्ट्यानं बांधून. धुरा हलत नाही. ट्रेलर ८७०, धुरा त्याच्या ८ टक्के. आणि रिकामं कॅरिअर कशाला मिरवता, खोलून घरी ठेवा, २२ किलो.

गाडी: २५६० वजा २०, वजा ६०, वजा २२, म्हणजे २४५८. मागच्या ॲक्सलवरून धुरेमुळे २८ आणि छतावरचं अर्ध्याहून थोडं जास्त, ४५ धरा. १४७० चे १३९७ च्या आसपास. पुढं १०६१. परत एकदा काट्यावर नेऊन ताडून बघा, मी छताचं वाटप अंदाजानं केलंय.

उद्यमबाग_फिटर
काटेकाकांचं गणित बरोबर. आता जोडताना: बॉलवर कपलर टेकवा, लॉक ऐका, मग जॉकी व्हील (ट्रेलरच्या तोंडाशी असलेलं टेकूचं छोटं चाक) खाली फिरवून गाडीची मागची बाजू दोन बोटं वर उचला. गाडी उचलली तर लॉक खरं. ‘टक्’ आवाजावर जाऊ नका. मग व्हील पूर्ण वर, क्लॅम्प घट्ट.

ब्रेकअवे केबल टोबारच्या कड्याला, बॉलच्या मानेभोवती नुसती गुंडाळायची नाही. ट्रेलर सुटला तर ती आधी हँडब्रेक ओढते आणि मग तुटते, तिचं काम तेवढंच. लांबी अशी की वळणात ताणू नये आणि रस्त्यावर घासू नये. सिलिंडर नेणार असाल तर छोटा ५ किलोचा, उभा बांधून, चालताना वॉल्व्ह बंद. घरचा १४.२ चा भरलेला ३० किलोच्या आसपास जातो आणि तो गाडीसाठी नसतोच.

आणि चाकांचे नट. नवीन ट्रेलरला पहिल्या ५० किलोमीटरला परत टॉर्क. रिम आणि हबमधला रंग दबतो आणि नट सैल होतात. तुम्हाला आंबोलीच्या अलीकडेच थांबावं लागेल.

शहापूर_सात_सीटर
पाटणे फाट्याला चहा, तिथंच रेंच. एक शंका: नातेवाईकांना बेळगावचा कुंदा नेतोय, पाच किलो. कुठं ठेवू?

कडोली_पाटील
मांडीवर. पण येताना हापूस आणणार की नाही, ते आधी सांगा.

निपाणीचा_काटा
हो, परतीचं वजन कुणी धरतच नाही, आणि भरल्या गाडीनं चढ लागतो तो परतीलाच. पाच डझनाची पेटी १५ किलो. ट्रेलरमध्ये ३० शिल्लक आहेत, म्हणजे दोन पेट्या, ॲक्सलवर. गाडीत ५२ आहेत, पण मागच्या ॲक्सलचे ५३ माझ्या अंदाजाचे, त्यामुळे डिकीत एकच.

फुकट_सल्ला
आणि चौथी पेटी?

निपाणीचा_काटा
चौथ्या पेटीबरोबर एक माणूस सावंतवाडीहून एसटीनं. कोण ते घरात ठरवा, इथं नको.